उसवलेली बाही

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

पाळकसाहेबांनी मलाच धरलं. लेंटमधली, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातली, एक प्रार्थनासभा आमच्या घरी, २७ मार्चला, आणि बोलायचंही मीच. विषय — आदाम-हव्वेचा आज्ञाभंग! "मोतीरामभाऊ, यावर तुमच्याशिवाय कोण बोलणार?" टोमणा होता की कौतुक, कळलं नाही. चर्चच्या मंडळीचा पंच आहे मी, नाही म्हणता आलं नाही. कपाळावरच्या राखेसकट शहागंजात आलो आणि शिलाईचं दुकान उघडलं.

तनुजाला, माझ्या एकुलत्या एका पोरीला, घराबाहेर काढून सहा महिने झाले. पाळकांना माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे.

२२ फेब्रुवारी

मुद्दे काढायला बसलो. देवाने माणसाला मोकळीक दिली. एकच गोष्ट करू नको म्हणाला. माणसाने नेमकी तीच केली. इथवर आलो आणि पेन अडलं.

ऑगस्टातली ती दुपार. मी बजावलं होतं — संघपालशी लग्न करायचं नाही. पोरगा बौद्ध आहे, नोकरीला आहे, सुपारीचंही व्यसन नाही, सगळं मान्य. पण आपल्या मंडळीतला नाही. तर म्हणते, "पप्पा, देवानं त्या झाडाला कुंपण नव्हतं घातलं. तुम्ही तर दाराला कडी लावता!" माझंच शिकवलेलं माझ्यावर उलटवलं! मी कडी काढली. म्हणालो, "जा. अंगावरच्या कपड्यानिशी जा."

गेली. अंगावर घरातला जुना ड्रेस, डावी बाही काखेत उसवलेली. सकाळीच म्हणाली होती, "पप्पा, दोन टाके मारून द्या ना." मी म्हणालो होतो, उद्या. टेलरची पोर, हात अंगाशी आवळून गल्लीतून गेली. ते मी दारातून पाहिलं.

त्याच दिवशी रत्नमालाला ताकीद दिली — तिच्याकडे जायचं नाही, फोन करायचा नाही. "बरं," म्हणाली. तेव्हापासून बायकोने घरात तनुजाचं नाव काढलेलं नाही.

५ मार्च, गुरुवार

रमजान. शिवायच्या कुर्त्या-पायजम्यांचा ढीग पडलाय आणि मापाचा टेप गायब! शेजारच्याचा मागून आणला. संध्याकाळी घरी बघतो तर आपला टेप मशीनच्या खणात. रत्नमाला नुकतीच महिलांच्या प्रार्थनेहून आली होती — एक गुरुवार चुकवत नाही बाई. "तुम्हीच ठेवला असंल," म्हणाली. आता विसरायलाही लागलो.

११ मार्च

तनुजाचा नंबर लावला. बंद.

१५ मार्च

उत्पत्तीचा तिसरा अध्याय पुन्हा वाचला. चाळीस वर्षं वाचतोय आणि आज दिसलं! देव त्या दोघांना बागेबाहेर काढतो, पण त्याआधी त्यांच्यासाठी कातड्याचे कपडे करतो. स्वतः करतो. स्वतः त्यांच्या अंगावर घालतो. त्यांनी ऐकलं नव्हतं, राग होता, शिक्षा होती — तरी आधी कपडे, मग हकालपट्टी.

मी टेलर. माझ्या नजरेतून हे सुटलं! मी लोकांना आज्ञाभंग शिकवणार आहे. कोणत्या तोंडाने?

२३ मार्च

ईद झाली, हात मोकळा झाला. हर्सूलला गेलो. ते दोघं तिकडे राहतात एवढंच कानावर आलेलं. तिथल्या जेलच्या पुढे रिक्षा सोडली. गल्ली माहीत नाही. माझ्या मुलीचं घर कुठे, असं परक्याला विचारायचं? अर्धा तास उन्हात उभा राहिलो आणि परत आलो. आता यातून काही होणार नाही. दार मीच उघडलं होतं, आता मीच बाहेर आहे.

रत्नमालाने ताट वाढलं. कुठे गेला होता, एवढंही विचारलं नाही. मला तिचाच राग आला. सहा-सात महिने मुकाट्याने माझं ऐकतेय! एकदा तरी म्हणायचं होतं — मी चालले लेकीकडं, काय करायचं ते करा! पोटची पोर ना? नुसत्या धाकाने ऐकणारं माणूस घेऊन देवाने तरी काय केलं असतं? म्हणून दिली असेल मोकळीक. हे सभेत बोलायची माझी छाती नाही.

२४ मार्च

पाळकसाहेबांना फोन केला. म्हणालो, बोलायला दुसरं कोणी बघा. कारण विचारलं. सांगितलं नाही.

मापाच्या वहीत तनुजाचं पान अजून आहे. रागातही फाडलं नव्हतं. तिच्या ड्रेससाठी निळं सुती कापड काढून ठेवलं. नेणार कोण, ते माहीत नाही. तिने घेतला नाही तर? घेणार नाहीच. तरी शिवणार.

२५ मार्च

सकाळी घरीच कापायला घेतलं. जुन्या मापाने खुणा केल्या, कापणार तोच रत्नमालाने कात्रीवर हात ठेवला.

"कमरेत सैल धरा. सहावा चाललाय तिला."

मी कात्री खाली ठेवली.

"गुरुवारी मी तिकडंच असते. पहिल्यापासून. टेप नेऊन माप घेतलंय." पदराच्या गाठीतून मापाची चिठ्ठी काढून कापडावर ठेवली. "उद्या देऊन येते. तुम्ही नका येऊ — तिनं नाय म्हटलंय. बाही पक्की शिवा."