अडतीस घरांना दिलेली अक्षत

परवा पार्टी ऑफिसातला माणूस जमखाने मागायला आला. मी खाटेवर पडलेली, पाय सुजून भोपळे झालेले. कशा आहात हे त्याने विचारले नाही. "अम्मा, चार जमखाने होते ना तुमच्याकडे? एलेक्शन जवळ आलंय," म्हणाला. मी म्हटले, "एक माझ्याखाली अंथरलाय, मी गेल्यावर ओढून घे." तो खरेच वाकून बघायला लागला. असल्या लोकांसाठी मी गुडघे झिजवले, ही माझी तक्रार. ती आधी लिहिली, म्हणजे नंतर रागात राहून जायला नको. आता सर्वांना नमस्कार.

मी तुळजाबाई कोम नागोजीराव इंगळे, वय एकाहत्तर, राहणार शिवाजीनगर, बेंगळूर, हे माझे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. कोणी धमकावले नाही, कोणी गोड बोलून फसवले नाही. तशी हिंमत घरात कोणाची नाही. डॉक्टर उपेंद्र यांनी आज सकाळी मला वार, तारीख आणि पंतप्रधान विचारले. तिन्ही बरोबर सांगितले, आणि त्यांच्या औषधाबद्दलचे मत न विचारता सांगितले. डोके शाबूत आहे असे त्यांनी लिहून दिले आहे. बेळगावात तिसरीपर्यंत शाळा झाली, पंधराव्या वर्षी लग्न होऊन इथे आले. वकिलाने एक नमुना दिला होता. त्यातले समजले ते घेतले, बाकीचे चुलीत गेले.

कलम पहिले. घर.

पुढे ओटा, मग मोठी खोली, त्यामागे दोन खोल्या, न्हाणी आणि मागचे दार, असे हे घर. नागोजीराव छावणीतल्या पलटणींचे तंबू शिवत. शिवून शिवून बोटे वाकडी झाली तेव्हा हे घर झाले, आणि ते त्यांनी माझ्या नावावर केले, कारण भावांवर त्यांचा विश्वास नव्हता. हे घर मी माझी सून वीणा हिला देते. मुलगा नंदकिशोर याने जन्मभर यात राहावे, त्याला कोणी बाहेर काढायचे नाही, पण कागद वीणाच्या नावे राहील. याचे कारण पुढे येते. ऐकताना मध्येच उठून जाऊ नये.

कागदावरून सांगते. हे लिहायला घेतले त्या दिवशी मुनियम्मा शेजारी सुपारी कातरत बसली होती. मुनियम्मा फुले विकते, आमच्या गल्लीमागे नाल्याकाठच्या अडतीस घरांपैकी एक तिचे. तीस वर्षे तिथे राहते. तिने विचारले, "अक्का, एवढं काय लिहिताय?" मी म्हटले, "घर कोणाला द्यायचं ते." ती म्हणाली, "घर मलाही आहे. कागद नाही. मग मुलीला मी काय लिहून ठेवू?"

मी लेखणी खाली ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा उचलली नाही. एकाहत्तर वर्षांत असे फार वेळा झालेले नाही.

कलम दुसरे. चार जमखाने आणि सभा.

चारही जमखाने मुनियम्माला. पार्टीला एक दोरासुद्धा नाही. सभा कशी भरवायची तेही तिला देते, कारण तीच खरी इस्टेट आहे आणि ती कोणाच्या नमुन्यात नव्हती.

शहाण्णव साली कॉर्पोरेशनची निवडणूक आली. नंदकिशोर वॉर्डाचा सेक्रेटरी. उमेदवार शरच्चंद्र, चिकपेटेत हार्डवेअरचे दुकान, तोंडात साखर. यांनी बायकांची सभा लावली संध्याकाळी सहाला. खुर्च्या, माइक, हार. आली कोण? दोन कुत्री आणि खुर्च्या परत न्यायला बसलेला माणूस. नंदकिशोर तोंड पाडून घरी आला. "आई, बायका येतच नाहीत." मी म्हटले, "अरे शहाण्या, साडेपाचला नळ येतो. कळशी सोडून तुझं भाषण ऐकायला तुझी बायकोसुद्धा आली नसती." वीणा आतून म्हणाली, "मी नव्हतेच गेले."

म्हणून मुनियम्मा, लक्षात ठेव. सभा दुपारी तीनला, भांडी झाल्यावर. पाचला संपली पाहिजे, बोलणारा आमदार असला तरी. खुर्ची एकही नको. खुर्च्या आल्या की पुढारी बसतात आणि बायका भिंतीला उभ्या राहतात. सगळ्यांनी जमखान्यावर. माइक नको, माइक दिसला की बाई गप्प होते. आधी पोरांचा खोकला, रेशन, नळ, मग मुद्दा. मजगे, म्हणजे ताक, शेवटी द्यायचे, आधी दिले तर पिऊन जातात.

आणि बोलावणे. चिठ्ठीने कोणी येत नाही. मी दोन दिवस आधी दारोदार गेले, हातात कुंकवाचा करंडा आणि अक्षत. जिथे कुंकू चालत नाही तिथे साखर. घरच्या कार्याला बोलावतात तसे बोलावले. अकरा सभा झाल्या, एकदाही जमखाना रिकामा राहिला नाही.

चूक माझी झाली ती इथे. पहिल्या दिवशी मी अक्षत भिजवत होते तेव्हा वीणा म्हणाली होती, "आत्या, अक्षत दिली म्हणजे घरचं कार्य होतं. उद्या काही कमीजास्त झालं तर ती माणसं पार्टीला नाही विचारणार. आपल्या उंबऱ्यावर येतील." मी तिला म्हटले, "तू तांदूळ निवड." ती बरोबर होती. हे मी तोंडाने कधी म्हणाले नाही, म्हणून इथे लिहिले. यापेक्षा जास्त क्षमा मागायला मला येत नाही.

अकराव्या सभेला शरच्चंद्र माझ्या मोठ्या खोलीत आला, मांडी घालून बसला आणि नाल्याकाठच्या बायकांना म्हणाला, "निवडून आलो की सहा महिन्यांत अडतीस घरांना हक्कपत्र. नाही मिळालं तर मला नका विचारू, अक्कांना विचारा!" सगळ्या हसल्या. मीही हसले. बैलाने मान पुढे करून जू घ्यावे तशी मी हसले.

तो निवडून आला. बायकांनी मते दिली ती त्याच्या तोंडाकडे बघून नव्हे.

कलम तिसरे. अंगावरचे आणि पोस्टातले.

पाटल्या नात शलाका हिला. मोडून कॉम्प्युटरचा क्लास लावला तरी चालेल, लग्नात मिरवल्या तर चालणार नाही. शिवणयंत्र वीणाला. पोस्टातले जे असेल ते दवाखान्याला आणि दिवसांना पुरेल; उरले तर वीणाने स्वतःवर खर्चावे आणि हिशोब कोणाला देऊ नये. पार्टीचा झेंडा माझ्या अंगावर घालायचा नाही. फोटोला हार घालायला शरच्चंद्र आला तर त्याला ओट्यावर थांबवून पाणी द्यावे. पाणी द्यावेच, आपण इंगळे आहोत.

कलम चौथे. मागचे दार.

सहा महिने गेले, दोन वर्षे गेली. गेल्या दिवाळीत नाल्याकाठच्या घरांवर नोटीस डकवली. नाला रुंद करायचा आहे, पावसाळ्याआधी जागा खाली करा. हक्कपत्र राहिले, भिंतीही जाणार. बायका आल्या. वीणा म्हणाली तशाच, पार्टी ऑफिसात नाही, आमच्या उंबऱ्यावर.

मी नंदकिशोरला हाक मारली. तो मागच्या दाराने निघून गेला होता. वीणाला पुढे पाठवले होते सांगायला, "घरी नाहीत." खाली मान घालून ती बोलत होती. मुनियम्मा पायरीकडे बघत होती. म्हणाली, "चपला तर इथंच आहेत, वीणाक्का. नुसते पायच बाहेर गेले?"

त्या हसल्या नाहीत. मी आतून ऐकले आणि मला वाटले, मला आता उचलून नेले तर बरे.

असे एकदा नाही, सहा वेळा झाले. दर वेळी वीणा पुढे, तो मागे. म्हणून माझ्या माघारी मागचे दार विटा घालून बुजवावे. गवंडी सांगून ठेवला आहे. न्हाणीला खिडकी आहे, तेवढी हवा पुरे.

यात माझ्याही वाट्याचे लिहिते. पायांवर उभी होते तोवर मी स्वतः शरच्चंद्रकडे गेले. त्याने खुर्ची दिली, कॉफी मागवली. मी म्हटले, "अडतीस घरांचं काय?" तो म्हणाला, "अक्का, निवडणुकीतलं बोलणं तुम्ही अजून धरून बसलात?" मी म्हटले, "मी नाही बसले. त्या बसल्यात, माझ्या ओट्यावर." तो म्हणाला, "सरी, सरी, बरं, बघू. या वेळी असेंब्लीचं तिकीट मिळतंय. तुमच्या अकरा सभा लावा पुन्हा, मग वरूनच करून घेतो." त्याच्यामागे माझा मुलगा उभा होता. तो भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होता. जानेवारी महिना एवढा वाचण्यासारखा असतो हे मला माहीत नव्हते.

कॉफी मी प्याले नाही. एवढेच मला करता आले, आणि एवढ्याने कोणाची भिंत वाचत नाही.

कलम पाचवे. चौदाव्या दिवसाची सभा.

गोडाच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे माझ्या चौदाव्या दिवशी, दुपारी तीन वाजता माझ्या मोठ्या खोलीत सभा भरेल. अडतीस घरांना बोलावणे मी मुनियम्माकडून आजच पोचवले आहे. तारीख तेवढी रिकामी ठेवली आहे, ती मी गेल्यावर भरेल. हे मृत्युपत्र त्या सभेत, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचायचे. वाचणार शेजारचे पुरुषोत्तम. ते चाळीस वर्षे कारखान्यात हजेरी घेत, त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो. जिथे कानडी लागेल तिथे वीणा सांगेल.

या घराच्या मोठ्या खोलीत दर गुरुवारी तीनला ही सभा भरत राहील, शेवटच्या घराला कागद मिळेपर्यंत. ही अट घराला चिकटलेली आहे. वीणाला मी विचारले. ती म्हणाली, "आत्या, गुरुवारी मी मजगे करीन. पण दारात उभी राहून खोटं नाही बोलणार आता." मी म्हटले, "म्हणून तर घर तुला."

मुनियम्माला साक्षीदार करायचे मनात होते, पण जिला वस्तू मिळते तिने साक्ष देऊ नये असे पुरुषोत्तम म्हणाले. म्हणून खालील दोघे. माझ्यासमोर, एकमेकांसमोर, दिवसाउजेडी सह्या केल्या आहेत. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. तेव्हा राग पुरेसा नव्हता.

ठिकाण: शिवाजीनगर, बेंगळूर
तारीख: ११ फेब्रुवारी १९९९

(सही) तुळजाबाई नागोजीराव इंगळे

साक्षीदार:
१. (सही) पुरुषोत्तम, शेजारी, निवृत्त
२. (सही) डॉक्टर उपेंद्र

सह्यांनंतर एक राहिले, ते दोन्ही साक्षीदारांसमोर लिहून पुन्हा सही करते. वाचून झाल्यावर मुनियम्मा उठून विचारेल की आमच्या घरांचे काय. तेव्हा सगळे वीणाकडे बघतील, सवयीने. वीणाने बसून राहावे. शरच्चंद्रला फोन लावायला कोणी जाऊ नये. 'बघतो', 'करतो', 'प्रयत्न चालू आहे' हे शब्द त्या खोलीत चालणार नाहीत. मदत करणार असेल तर कोणत्या दिवशी, कोणत्या ऑफिसात, त्यांच्याबरोबर जाऊन कोणासमोर उभा राहणार ते सांगावे. करणार नसेल तर 'आम्ही खोटे बोललो' एवढे तीन शब्द सांगावेत. उभे राहून, त्यांच्या तोंडाकडे बघून, नंदकिशोरने उत्तर द्यायचे.

(सही) तुळजाबाई