पेवातला महादेव

चैत्र शुद्ध पाडवा, शके १८५०

माझं पेव बळकावलं मेल्यांनी! नवी ज्वारी अंगणात पडलीय, उंदरांची चैन चाललीय, आणि पेवात भरायची न्हाय म्हणे. का? तर ती गवी हाय! साधूची ध्यानाची गुहा! मामंजींनी माझ्या डोळ्यांदेखत खणलं ते धान्याचं पेव— गुहा कधी झालं?

शेजारचा बसलिंगप्पा तळाची जुनी ज्वारी काढायला उतरला होता. घेरी आली. ओढून वर काढला तर डोळे पांढरे. शुद्धीवर आल्यावर म्हणतो, "अव्वा, उजेड दिसला! महादेव दिसला!"

बाळीवेशीपर्यंत बातमी गेली. पेवाच्या तोंडाशी बेल, उदबत्ती.

तीज

आमचे म्हातारे पंचमीला दिवसभर खाली बसणार! "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाले.

एवढं कळतंय— कुजक्या धान्यानं पेवातली हवा मारते. धाकटे भावजी असेच उतरले होते. पायांनी गेले, खांद्यावरून निघाले.

चौथ

दोरीला कंदील बांधून खाली सोडला. विझला. परत सोडला. परत विझला. 

बसलिंगप्पानं हात जोडले, "देवानं दिवा गिळला!"

म्हातारे म्हणतात, "त्याला उजेड नको असंल."

असल्यांशी वाद कोण घालणार! डोक्यावर पदर घेतला, तोंड भक्तिणीचं केलं. म्हटलं, "देवाला उकडतंय. चवरी ढाळा की!"

दोरीला कडुलिंबाचे डहाळे बांधून दिले. सगळी गल्ली दुपारभर डहाळे खाली-वर करतेय, वर 'हर हर महादेव'! शेवटी कंदील तळाशी नीट जळला. मग कुजकी ज्वारी "जुनं निर्माल्य" म्हणून बसलिंगप्पाकडूनच उपसून घेतली. आणि परत चवरी!

पंचमी

आधी कंदील सोडला, मग म्हातारे. घटकाभरात वर.

"काय दिसलं?"

"काय न्हाय. नुसतं गार हाय."

बसलिंगप्पा उतरून आला. त्यालाबी काय न्हाय. "देव गेला, अव्वा!" म्हणून रडवेला झाला. मी चुलीपुढं जाऊन तोंडात पदर कोंबला.

उद्या सारवण, परवा ज्वारी.

षष्ठी

शेणाची पाटी घेऊन उतरले. जरा टेकले. कंदील जळतोय, डोकं ठिकाणावर हाय. देवबिव काय दिसला न्हाय.

पण उठवंना. पन्नास वर्षं या घरात हाय— माझा श्वास मला आज ऐकू आला. पाटीतलं शेण वाळून गेलं.

ज्वारी कणगीत भरा. पेव रिकामंच राहील. आणि मी खाली असताना वरून कुणी हाक मारली, तर म्हाताऱ्यांनी ओ द्यायची. मी देणार न्हाय.