तुझ्या आवाजामागची हवा

अंकिता बाळा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. परवा पुण्यात तुझ्या कार्यक्रमाला मी न सांगता आलो होतो. पोरं डोकी झटकत होती आणि तू स्टेजवर वाघिणीसारखी गुरगुरत होतीस. शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, तुम्ही हेवी मेटल ऐकता?" म्हटलं, "गड्या, गाणारी माझी लेक हाय." त्यानं माझ्याबरोबर फोटोच काढला.

सायकलवर भोंगा बांधून मी धंदा सुरू केला, आज कडेगावात साउंडच्या गाड्या आहेत. सगळं या कानांवर उभं राहिलं, आणि त्यांच्यामुळंच आज घाबरलोय. गाणं संपवून तू "थँक्यू" म्हणालीस, तेव्हा शब्दामागून बारीक हवा सुटली. तुझ्या भाऊसो काकाच्या आवाजातूनही अशीच हवा सुटायची. रिक्षात बसून जाहिराती पुकारायचा. "घसा बसलाय रं नुसता," म्हणत राहिला, आणि घशातली गाठ कळली तवा उशीर झाला होता.

पुढच्या महिन्यात तुझा जर्मनीचा पहिला दौरा. आत्ता हे बोललो तर तुला वाटेल, आत्यासारखा आण्णाही गाणं सोडायला सांगतोय.

म्हणून सोमवारी येतो. म्हणेन, मला ऐकायला कमी येतंय, कान-घशाच्या डॉक्टरकडं चल. तिथं गेल्यावर हळूच तुझाही घसा दाखवू. तू हसशील, "आवं आण्णा, तुमी आणि बहिरे?" हस पोरी. त्या हसण्यातही ती हवा येते का, ते मी जीव मुठीत धरून ऐकत असेन.

तुझा,
आण्णा