या मिस्मो, दिग्ना

३ ऑक्टोबर, सकाळी
आजपासून रोजनिशी. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तेव्हा काहीतरी लिहून ठेवायलाच हवं. परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळेत आज रुजू. तूर्त तासिकेवर. पर्मनंट जागा जानेवारीत. संचालिका दोन्या एउलालिया स्वतः म्हणाल्या, "जागा तुझीच ग पोरी, या मिस्मो." आईने तासाभरात अख्ख्या बाजाराला सांगितलं. तिचा भाजलेल्या डुकराचा गाळा बाजाराच्या ऐन मध्यावर आहे, बातमीला फार चालावं लागत नाही.
संकल्प: आपली बोली परक्या माणसाला स्वच्छ उलगडून द्यायची. आमच्या कुएन्का शहरात येऊन कुणीही गोंधळता कामा नये.

५ ऑक्टोबर
विद्यार्थी आला. एकच. सेन्योर हेंड्रिक, हॉलंडचे, पूल बांधणारे रिटायर्ड इंजिनिअर, आता इथेच राहायला आलेत. तक्रार घेऊनच आले. नळवाला "या मिस्मो येतो" म्हणाला म्हणून आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. आंघोळही नाही (ते जाणवत होतं). डिक्शनरीत अर्थ 'आत्ताच' असा दिलाय, तो त्यांनी मला बोट ठेवून दाखवला.
मी समजावलं की डिक्शनरी बरोबर आहे आणि नळवालाही बरोबर आहे. आमच्याकडे कुणाच्या तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत, एवढंच. त्यांनी विचारलं, मग 'नाही' कळतं कसं? फार सुंदर प्रश्न! मी म्हटलं, वार सांगत नाहीत, घरच्यांची चौकशी करतात आणि निघताना हातात काहीतरी खायला ठेवतात. एवढं झालं की टोपी घालून निघावं. त्यांनी सगळं उतरवून घेतलं आणि अधोरेखित केलं.
असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

१४ ऑक्टोबर
नेमणुकीच्या पत्राबद्दल दोन्या एउलालियांना विचारलं. "पत्र ना? या मिस्मो." मग विचारलं, आई कशी आहे, तिचे गुडघे काय म्हणतात. केवढी आपुलकी! निघताना मक्याच्या पानातली गरम हुमिता हातात ठेवली. चीज भरपूर. तासिकेवरच्या माणसाला कुणी इतकं चीज देत नाही.
(हेंड्रिकना सांगितलेला नियम इथे लागत नाही. तो नळवाल्यांसाठी. दोन्या एउलालिया राजधानीत, कीटोला शिकलेल्या आहेत.)

२ नोव्हेंबर, संध्याकाळी
आई आणि मी वडिलांच्या थडग्यावर फुलं ठेवून आलो. तिथेच ठरवलं, सुधारणा स्वतःपासून. यापुढे मी कुणालाही सरळ 'नाही' म्हणणार.
परतल्यावर लगेच संधी आली. शेजारच्या चारितोने तिच्या बाळाची धर्ममाता हो म्हणून गळ घातली. मी स्पष्ट आणि सभ्य शब्दांत 'नाही' म्हटलं. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. मग ती रडली. मग तिची सासू आली, "अशी वाईट नको ग होऊस" म्हणाली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवून आत निघून गेली. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही.
बाप्तिस्मा डिसेंबरात. बाळाचा झगा माझ्याकडून.
समाज एका दिवसात बदलत नसतो.

१८ नोव्हेंबर
आईने मला निळा कोट शिवायला टाकला. शिंपीणबाईंना सांगत होती, खांदे भरून शिवा, हिला वर्गासमोर उभं राहायचंय. गाळ्यावर माझ्या जागी मावशीच्या मुलीला घेतलंय. मी म्हटलं, जरा थांबली असतीस. म्हणाली, "थांबू कशाला? बाईंनी शब्द दिलाय ना?"
बाजूची अंडीवाली दोन्या मेचे मात्र खवचट. कधी ग नोकरी, म्हणून विचारलं. मी म्हटलं, या मिस्मो म्हणाल्यात. "अगंबाई! मग कोट सैलच शिव. नातवंडं झाल्यावर घालशील." दोघीतिघी फिदीफिदी हसल्या. आई हसली नाही.
शिक्षणाने शब्दांवर विश्वास ठेवायला शिकवलं, हे या बायकांना कोण सांगणार?

२५ नोव्हेंबर
शाळेत नवीन मुलगी. फेर्नांदा, दोन्या एउलालियांची भाची, नुकतीच माद्रिदहून आलेली. माझ्या खुर्चीत बसली होती. दोन्या एउलालिया म्हणाल्या, "दिग्ना, तुझं सगळं हिला जरा समजावून दे हं." समजावून कोण देतं? वरिष्ठ! धड्यांच्या सगळ्या फायली दिल्या. फळा पुसायचा कापडी बोळासुद्धा.
मी उभी राहून शिकवलं. तसंही उभ्याने आवाज चांगला लागतो.

९ डिसेंबर
पुन्हा विचारलं. या वेळी "या मिस्मितो, राणी." मिस्मितो! केवढी माया. (असं शेपूट लागलं की काम आणखी महिनाभर लांबतं, असं मी वर्गात शिकवते. ते सर्वसाधारण.) आईच्या गुडघ्यांबरोबर वडिलांच्या पुण्यतिथीचीही चौकशी केली, आणि मिठाईचा अख्खा डबा दिला.
बाहेर हेंड्रिक उभे होते. डबा बघून त्यांनी टोपी काढली. हळूच विचारलं, वार सांगितला का? मी म्हटलं, तुमचे उच्चार फार सुधारलेत.

२२ डिसेंबर
जानेवारीचं वेळापत्रक लागलं. माझं नाव राहून गेलंय. सगळ्या तासांपुढे फेर्नांदा. दोनदा वाचलं, मग मागची बाजूही बघितली. दोन्या एउलालियांनी मला मिठीत घेतलं, माझ्यासारखी मुलगी शोधून सापडणार नाही म्हणाल्या आणि फोनवर बोलायला आत गेल्या.
हरकत नाही. नवा प्लॅन: स्वतःचे क्लास. एक विद्यार्थी पुरेसा आहे, पुढे तोंडोतोंडी वाढतील. हेंड्रिकना दारातच गाठलं. जानेवारीपासून माझ्याकडे शिकाल का?
त्यांचा चेहरा उजळला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या मिस्मो, दिग्निता!" आईचे गुडघे कसे आहेत, हे विचारलं. मग कोपऱ्यावर नेऊन आइस्क्रीम घेऊन दिलं. दोन गोळे.
उच्चार निर्दोष. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं जिथल्या तिथे. परका माणूस वाटेना. माझ्या शिकवण्याचं इतकं मोठं यश मी आजवर पाहिलं नव्हतं.
दुसरा गोळा खाववला नाही.

२४ डिसेंबर
बाळ येशूची मिरवणूक. रस्त्यावर सजवलेले घोडे, देवदूत झालेली पोरं, आणि आईच्या गाळ्यापुढे ही गर्दी. मी निळा कोट घालून गेले. आईनेच घालून ये म्हटलं होतं, गिऱ्हाइकांना दाखवायला. दोन्या मेचेसुद्धा म्हणाली, खांदे छान बसलेत.
मांस कापता कापता आईने सगळ्यांसमोर विचारलं, "मग कधीपासून जायचं ग जानेवारीत?"
मी म्हटलं, "या मिस्मो, आई."
तिची सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली. डुकराच्या पाठीवरची सगळ्यात कुरकुरीत साल, जी ती फक्त पाद्रीबाबांसाठी राखून ठेवते, ती तोडून माझ्या हातात दिली. दोन्या मेचे दुसरीकडे बघायला लागली.
मी खाल्ली. छान होती.
मग आईने खुंटीवरचा माझा जुना एप्रन काढला. म्हणाली, "कोट काढून ठेव. तेल उडेल."