बिनतोंडाचं डांगर

१८ ऑक्टोबर २००४, सोमवार
पोहोचले एकदाची नाशिकला! त्र्यंबक रोडवरचं हे रिसॉर्ट झकास आहे. स्वयंपाकघरामागे मला स्वतंत्र खोली मिळाली, खिडकीतून गोठ्यातली गाय दिसते. मॅनेजर धनराजसाहेबांनी काम समजावलं: एकतीस तारखेला हॅलोविनची पार्टी, वीस मुलांचे चेहरे भोपळ्यासारखे रंगवायचे, दहा खरे भोपळे कोरून आत दिवे लावायचे. जमलं तर नोकरी पक्की. पार्लरमध्ये सहा वर्षं नवऱ्या मुली सजवल्या, भोपळे काय चीज आहे! नोकरी पक्की झाली की दिवाळीत मिरजेला जाऊन मयूरला इकडे घेऊन येणार. मी नवऱ्याचं घर सोडल्यापासून माझं पाच वर्षांचं एकुलतं एक पोर आईकडे वाढतंय. आता पुरे झालं.

२१ ऑक्टोबर, गुरुवार
डोक्याला नुसता ताप! मुंबईहून केशरी रंग येणार होता, आला पिवळा. त्यात कुंकू कालवलं तर विटकरी झाला. स्वतःच्याच गालावर लावून बघितला, तर स्वयंपाकाच्या अक्काबाई पोट धरून हसल्या. शेंदूर फासलेला म्हसोबा दिसताय म्हणे. धनराजसाहेब इंटरनेटवरून छापलेला फोटो नाचवत दर तासाला येतात. दात अजून भयानक हवेत. स्वतःला एक रेघ मारता येत नाही आणि मला शिकवतात! आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होणार, अगदी शब्दशः.

२५ ऑक्टोबर, सोमवार
भोपळे आले. इथे त्यांना डांगर म्हणतात. मी सुरी उचलली तर अक्काबाईंनी हातच धरला. आख्खं डांगर बाईनं फोडायचं नाय, डांगर म्हंजी थोरला ल्योक. गड्यानं पहिली सुरी लावली की मग बाईनं खुशाल चिरावं. मला हे काही नवीन नाही. आमच्याकडेही आई आधी बाबांच्या हातात सुरी द्यायची. पण अक्काबाईंचे यजमान सहादू घोटीच्या बाजाराला गेलेले, यायला पाच वाजणार. तेव्हा तीन वाजले होते. धनराजसाहेबांना म्हटलं, तुम्ही नुसती सुरी टेकवा. तर ते सगळ्यांदेखत खो खो हसले, आणि असल्या बायका घेऊन पार्टी करायची म्हणजे कठीणच, असं म्हणाले.
अस्सा राग आला! खचकन देठाकडची टोपी कापली, डावानं गर खरवडला, डावा डोळा पाडला, नाक पाडलं. उजवा डोळा नुसता पेनानं काढला होता, तोंड राहिलं होतं, तेवढ्यात सहादू आले. ते चपला दारात काढून उभेच राहिले. उरलेल्या नऊ डांगरांना त्यांनी मुकाट्यानं सुरी लावून दिली. माझ्या डांगराला हात लावला नाही. अक्काबाईंनी विचारलं, तुम्हाला लेकरं किती. मी सुरी धुवायला नळाकडे गेले.

२६ ऑक्टोबर, मंगळवार
आईचा फोन. मयूरचा काल दुपारी घोळणा फुटला आणि डावा डोळा सुजून बंद झालाय. रांजणवाडी असेल, म्हटलं. आई लाडानं त्याला फार जपते. एवढ्या ऑक्टोबरच्या उन्हात पोरगं टोपी मागत बसलंय. डोक्यात वारा शिरतो म्हणे. पोटात खड्डा पडल्यासारखं होतं म्हणतो, पण जेवण जात नाही त्याला.
किती वाजता, ते विचारलं. तीनच्या सुमारास.
योगायोग असतात. उद्या नऊ भोपळे संपवायचेत, मला वेळ नाही.

२८ ऑक्टोबर, गुरुवार
नऊ तयार. धनराजसाहेब मात्र त्या एकाच्या मागे लागलेत, त्याला तोंड कधी? जमत नसेल तर मी करतो म्हणे. त्या दिवशी सुरी टेकवायला हात मोडला होता का? डांगर उचललं आणि खोलीत नेलं.
डाव्या डोळ्याची कड काळी पडलीय. आई म्हणाली, मयूरच्या डोळ्याभोवती काळं झालंय. डॉक्टरांना कळत नाही.
वेडगळपणा आहे, पण टोपी परत बसवली. काडेपेटीच्या चार काड्या टोचून घट्ट केली.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार
मयूरनं टोपी काढून फेकली. शांत झोपला म्हणे. मी हसले, रडले.
मग आई म्हणाली, पण डोक्यात काहीतरी चावलंय त्याच्या. चार लाल ठिपके. ओळीनं नाही, गोलाकार.
काड्या आता काढायच्या की ठेवायच्या? कोणाला विचारू?

३० ऑक्टोबर, शनिवार
डांगर मऊ पडतंय. कोरलेलं टिकत नाहीच, हे मला कळायला नको? फ्रिजमध्ये ठेवलं. तासाभरात फोन, पोराला हुडहुडी भरलीय. बाहेर काढलं. हुडहुडी थांबली. पण गालाकडे बुरशी—
पुसली. खोबरेल लावलं. अगदी हळू, तो लहान असताना लावायचे तसं.
धनराजसाहेबांना रजा मागितली. आधी वीस चेहरे, मग कुठे जायचं ते जा. उद्या रात्री आठची बस. डांगर मांडीवर घेऊन जाणार. नोकरी गेली खड्ड्यात.

३१ ऑक्टोबर, रविवार
वीस चेहरे झाले. मुलं खिदळत होती, बाई गुदगुल्या होतात. सगळ्यांना दात काढले. सगळी सारखी दिसायला लागली.
साडेसहाला खोलीत आले. डांगर नाही. पलंगाखाली नाही, कुठेच—
अक्काबाई म्हणाल्या, ताई, वास मारत व्हतं. तुमच्या हातनं दोष झालेला, मला लय लागून राहिलं व्हतं. गाईच्या पोटात गेलं म्हंजी सुटलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.
गोठ्यात धावले. टोपी तेवढी शेणात पडलेली. चार काड्या तशाच.

ऑफिसमध्ये बसलेय. मिरजेची लाइन लागत नाही. लिहिलं नाही तर किंचाळेन.
मयूर, बाळा, मला दोन तास थांबता आलं नाही रे. फक्त दोन तास.
इथल्या खिडकीतूनही गाय दिसते. बसून रवंथ करतेय. अजून करतेय—
फोन वाजला. धनराजसाहेबांनी उचलला. माझ्याकडे बघतायत. हसत नाहीत. रिसीव्हर पुढे करून म्हणतायत, तुमची आई आहे, काय बोलतायत कळत नाही, पोराला तोंडच राहिलं नाही म्हणे—