व्याह्यांचा ढग आणि माझा पेंग्विन

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.
डोकं ठणकतंय. काल चुलतभावाच्या साठीची मेजवानी. एकशे ऐंशी माणसं. माईक हातात आला तेव्हा माझा आवाज उत्तम लागला होता, एवढं आठवतं. बाकीचं कुल्याशनं, म्हणजे बायकोनं, सकाळी चहाबरोबर ऐकवलं.

आधी व्याही बोलले. ओरिनबासार, सुनेचे वडील, अल्माटीतले निवृत्त दंतवैद्य. साठीच्या माणसाला शुभेच्छा द्यायच्या सोडून म्हणाले, पोरांनी ताराझमध्ये किती दिवस कुजायचं, अल्माटीला आमच्याजवळ येऊन राहावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी उठलो. म्हणालो, व्याहीबुवा, तुम्ही तो पडद्यावर ट्रक हाकायचा खेळ खेळता आणि सगळ्यांना त्याचे व्हिडिओ पाठवता ना, त्यातच होऊन जाऊ दे. नौरीझच्या, म्हणजे आपल्या नववर्षाच्या दिवशी, बावीस मार्चला, माझ्या घरी. तुम्ही आधी पोचलात तर मुलगा-सून अल्माटीला. मी आधी पोचलो तर दोघं माझ्याच छताखाली, पुन्हा विषय काढायचा नाही. जास्त टाळ्या मला पडल्या. दोंब्रावाल्यानं सूरही धरला.

माईकवर दिलेला शब्द आमच्यात परत घेता येत नाही. आणि घ्यायचाय कुणाला?

कुल्याशनं एकच प्रश्न विचारला: तुम्ही जन्मात कधी ट्रक चालवलाय? मी एकतीस वर्षं बस डेपोत डिस्पॅचर होतो. बस चालवणाऱ्यांना चालवलंय.

१० फेब्रुवारी, सोमवार.
शत्रूचा अभ्यास. व्याह्यांकडे खेळायचा कॉम्प्युटरच नाही! पापडासारखा एक लॅपटॉप आहे. खेळ चालतो 'कोकबुल्त' नावाच्या कंपनीच्या लांबच्या मोठ्या मशीनवर आणि यांच्याकडे नुसतं चित्र येतं. याला ते 'ढग' म्हणतात. दरमहा भाडं. भाड्याच्या घोड्यावर बसून शर्यत जिंकणारा कझाक मी तरी पाहिला नाही.

माझा मार्ग वेगळा. स्वतःचं मशीन, त्यावर लिनक्स. फुकट. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय, जसं आपल्याकडे अख्खी आळी जमून एखाद्याचं घर बांधते आणि घरधनी फक्त जेवू घालतो, तसं. निशाणी पेंग्विन. जुनं सगळं पुसून टाकलं आणि पेंग्विन बसवला. चाळीस मिनिटं.

कुल्याश विचारते, लग्नाचे फोटो त्यातच होते ना?

१० फेब्रुवारी, संध्याकाळी ६.
फोटो सुरक्षित. सून अकमारालनं कालच दुसरीकडे ठेवले होते. का, ते तिनं सांगितलं नाही. योगायोग.

१२ फेब्रुवारी, बुधवार. ७.४०.
पडदा काळा.
८.१५. अजून काळा.
८.३०. अकमाराल चहा घेऊन आली. म्हणाली, पापा, मी बघू का जरा? ती शाळेत मुलांना कॉम्प्युटरचं काहीबाही शिकवते. दहा मिनिटांत चालू. गाठ मीच सैल करून ठेवली होती. नंतर ती मोबाइलवर बराच वेळ काहीतरी टिपत होती. मी सांगितलेलं विसरू नये म्हणून असेल. गुणी मुलगी.

१६ फेब्रुवारी, रविवार.
पहिली फेरी. हॅम्बुर्ग ते प्राग, वीस टन द्राक्षं. चार मिनिटांत ट्रक उताणा. कारण: नेट हळू. येरासिल घरी आहे (माझा मुलगा, पंधरा दिवस तेलविहिरीवर, पंधरा दिवस घरी). तो म्हणाला, पापा, खेळ तर आपल्याच मशीनवर चालतोय, नेट लागतंच कुठं? मी म्हणालो, थंडीत वायर आखडते. तो बाहेर जाऊन हसला. तेलवाल्यांना विजेतलं काय कळणार?

ठरवलं: रोज दोन तास सराव. उद्यापासून.

१७ फेब्रुवारी. सराव नाही. खुर्ची बरोबर नाही.
१८ फेब्रुवारी. खुर्ची आणली. स्टिअरिंग बरोबर नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
मोठा शोध. लिनक्सवर खेळणाऱ्या आपल्या लोकांचा एक फोरम आहे. तिथं कुणीतरी घरातल्या एका वापरणाऱ्याच्या करामती लिहितं, एकेक बिघाड आणि त्याखाली उपाय. त्या इसमाला 'मोठं घर' म्हणतात. काय वल्ली आहे! एकदा दाढीचं मशीन चार्ज करायला त्यानं इंटरनेटचा डबाच उपटला आणि दोन तास ढगाला शिव्या घातल्या. पडदा काळा झाला की म्हणे मॉनिटरच्या पाठीवर थापट्या मारतो. वाचून पोट धरून हसलो. डबा मीही उपटला होता, पण मला घाई होती.

कुल्याशला वाचून दाखवलं. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि मग लसूण सोलायला लागली.

२ मार्च, रविवार.
व्याह्यांचा व्हिडिओ कॉल. म्हणाले, काल हॅम्बुर्ग ते प्राग बावन्न मिनिटांत, एक द्राक्ष हललं नाही. तुमचं काय? मी म्हणालो, आमची तयारी पायापासून चालू आहे. ते म्हणाले, अहो व्याही, पाया खणता खणता विहीर लागेल. एवढ्यात त्यांचं चित्र थिजलं, तोंड उघडंच. अर्धा मिनिट त्यांचीच दाढ दिसत होती. ढग म्हणतात तो हा.

माझी आजवरची उत्तम मजल: अकरा किलोमीटर. त्यातले दोन उलटे.

८ मार्च, शनिवार. महिला दिन.
ठरवलं: दोघींना ट्युलिप आणि आज कॉम्प्युटर पूर्ण दिवस सुनेला. तिला तीनला कसलासा महत्त्वाचा कॉल आहे.

ट्युलिप दिले. अडीचला सहज बघितलं तर मशीन म्हणत होतं, अपडेट तयार आहे. म्हटलं, तिला ताजं मिळावं. दाबलं.

काळा.

तिनं कॉल बाल्कनीत उभं राहून मोबाइलवर केला. कोट घालून. मला काचेतून ती हसताना दिसली, म्हणजे काही बिघडलं नाही. एक वाक्य ऐकू आलं: मोठ्या घरी सध्या हे असंच चालतं. सासरला मोठं घर सगळ्याच सुना म्हणतात. ती आली तेव्हा नाक लाल झालं होतं. मी विचारलं, चहा घेतलास का? म्हणाली, घेते, पापा.

ठरवलं: नौरीझपर्यंत अपडेटला हात लावायचा नाही.

१४ मार्च, शुक्रवार.
हात लावला. अकमारालनं सोडवलं.

फोरमवर 'मोठं घर' आता प्रसिद्ध झालंय. लोक रोज विचारतात, आज काय केलं? मला राहवलं नाही. एकतीस वर्षांचा अनुभव आहे, शिस्तीचं बोलायला हवं. लिहिलं: अशा माणसाच्या हाती मशीन देऊच नये, त्याला रेडिओ आणून द्या. एकेचाळीस जणांना आवडलं. अंगावर मूठभर मांस चढलं.

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५.
उद्या शर्यत. व्याही दुपारी पोचले, लॅपटॉप बगलेत. म्हणाले, माझं मशीन बगलेत मावतं, तुमच्यासारखी बैलगाडी जुंपावी लागत नाही. कुल्याश नौरीझचं आंबूस सूप घोटतेय, घरभर वास.

सहज फोरम उघडला. 'मोठं घर', नवी नोंद. लिहिलं होतं: आठ मार्चला माझ्या मुलाखतीआधी अर्धा तास मोठ्या घरानं अपडेट दाबलं. मुलाखत बाल्कनीत दिली. त्यांनी विचारलं, तुमचा अनुभव काय? मी या पानाचा पत्ता दिला. नोकरी मिळाली. अल्माटीला, कोकबुल्तमध्ये, लिनक्सवाल्यांच्या अडचणी सोडवायच्या. आता मोठ्या घराला कसं सांगायचं ते कळत नाही. उद्याची शर्यत होऊ दे. मशीन मी असं तयार केलंय की उद्या ते दगा देणार नाही.

दोनदा वाचलं. मग पहिल्यापासून सगळं वाचलं. त्रेसष्ट नोंदी. दाढीचं मशीन. थापट्या. आखडलेली वायर. खुर्ची. सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही ही आपली रीत. हिनं ती इंटरनेटवरसुद्धा पाळली. कुठेही तेमिरगाली नाही. सगळीकडे मोठं घर.

आणि खाली माझं ते रेडिओचं. आता एकोणऐंशी जणांना आवडलंय.

लाज वाटली. अशी की कान तापले. बत्तीसाव्या नोंदीत उपायाच्या खाली एक ओळ आहे: मोठं घर रोज सकाळी आधी मला विचारतं की तू चहा घेतलास का, आणि मग सांगतं की पडदा काळा झालाय. हे बिघाडात धरू नये.

डोळ्यांत पाणी आलं. कांद्यामुळे नाही. सुपात कांदा नसतो.

२२ मार्च, शनिवार. नौरीझ.
नोंद तंतोतंत करतो.

१२.०० शर्यत सुरू. बैठकीत वीस पाहुणे. येरासिल तळलेल्या बाउरसाकच्या परड्या फिरवतोय. मी माझ्या मशीनवर, व्याही मांडीवर लॅपटॉप घेऊन.
१२.०१ व्याह्यांच्या पडद्यावर अक्षरं: सणामुळे गर्दी आहे, रांगेत तुमचा क्रमांक ११२. ते म्हणाले, दातांच्या दवाखान्यात मी रांग लावायचो, आता मला लावतायत.
१२.१५ माझं मशीन लोण्यासारखं. आवाज नाही, अडखळणं नाही. जन्मात असं चाललं नव्हतं.
१२.२० व्याही आत शिरले.
१२.४५ मी प्रागच्या तीन किलोमीटरवर. द्राक्षं शाबूत. पाहुणे माझ्या खुर्चीमागे. शेजारी पाठीवर थोपटतायत. घाई केली नाही की ट्रक पडत नाही, हे मला आज कळलं. माझ्या मागे अकमाराल चहाचा ट्रे घेऊन उभी. पडद्याच्या काचेत दिसत होती. जिंकलो तर पुन्हा विषय काढायचा नाही. शब्द माझाच.
१२.४६ ट्रक कडेला घेतला. पायाशी ठेवलेला ब्रेक दाबला. म्हणालो, गेलं. गोठला पेंग्विन.

सगळे हळहळले. माझ्यावर लगेच विश्वास बसला, दीड महिन्याची पुण्याई. फक्त एक शेजारी म्हणाला, पण वायपर हलतायत की. मी म्हणालो, वायपर वेगळ्या वायरवर असतात.

पाय ब्रेकवरून काढता येईना, ट्रक पुढे सरकला असता. पोटरीत गोळा आला. पाहुणे कंटाळून मटणाकडे गेले. १.१३ ला व्याही प्रागला पोचले. मला मिठी मारून म्हणाले, म्हणून सांगत होतो, ढगात या.

कुल्याश आली. पडद्यावरच्या वायपरकडे बघितलं, टेबलाखाली माझ्या पायाकडे बघितलं. माझ्या ताटात काझीचा, घोड्याच्या मांसाच्या सॉसेजचा, सगळ्यात जाड तुकडा ठेवला. तो व्याह्यांसाठी राखलेला होता.

२३ मार्च, रविवार. सकाळी ९.
शांत झोप लागली. माणूस एकदा तरी मोठ्या मनानं वागला की चेहऱ्यावर तेज येतं. आरशात बघितलं. थोडं आहे.

ठरवलं: हा त्याग कुणालाही सांगायचा नाही.

९.३०. अकमारालला सांगितला.

ती म्हणाली, माहीत आहे, पापा. मशीन स्वतःची वही लिहितं. त्यात आहे: १२.४६ ते १.१३, ब्रेक दाबलेला. सत्तावीस मिनिटं. मी मशीन तपासलं ते माझंच काही चुकलं का म्हणून, आणि मग तिथं बसूनच रडले.

मी म्हणालो, जा आता निर्धास्त. मी माझी पैज हरलोय तुझ्यासाठी.

ती मग म्हणाली, पापा, घर आम्ही दहा तारखेलाच घेतलं. भाड्यानं, माझ्या वडिलांपासूनही चांगलं लांब. येरासिलची बदली मागच्याच महिन्यात ठरली. आपल्या मम्मींना सगळं माहीत होतं. पैजेचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. फक्त तुम्ही आणि माझे वडील. तुम्ही दोघं एवढे खुशीत होतात की मोडता घालवेना.

एकशे ऐंशी माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मी म्हणालो. ती म्हणाली, तुमचं संपलं म्हणून वाजवल्या, पापा. जेवण थांबलं होतं.

पोटरी अजून दुखतेय.

३० मार्च, रविवार.
गेली दोघं. आगगाडीनं. फलाटावर मी तिला ऐनवेळी सांगितलं की ते रेडिओचं मीच लिहिलं होतं. ती म्हणाली, माहीत होतं, पापा. पहिली पसंती माझीच होती.

कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवून गेली आहे. एक: मशीनला मारू नये. दोन: डबा उपटू नये. तीन: अपडेट तिला विचारल्याशिवाय करू नये.

घर मोठं वाटतंय. कुल्याशनं सवयीनं चार वाट्या मांडल्या आणि दोन परत ठेवल्या.

३ एप्रिल, गुरुवार.
१०.००. ठरवलं: महिनाभर तिला फोन करायचा नाही. नवी नोकरी आहे, लोक काय म्हणतील. आपलं आपण निभवायचं.
१०.०५. अपडेट तयार आहे म्हणतंय. नुसतं बघतो.
१०.२०. काळा.
१०.२५. मारलं नाही. हात ठेवला फक्त.
१०.४०. तिला नाहीच केला. कंपनीच्या सार्वजनिक नंबरावर केला. कुणी बाई होत्या. नाव विचारलं. तेमिरगाली म्हणालो. आमच्या यादीत नाही म्हणाल्या. दोनदा सांगून बघितलं. शेवटी म्हणालो, मोठं घर.

मग त्या फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाल्या, अगं, आलं. परत मला अगदी आदबीनं म्हणाल्या, आजोबा, तुमची तक्रार सोमवारीच नोंदवलेली आहे. उपायही लिहून ठेवलाय, वाचून दाखवते. वर लिहिलंय, मोठं घर, गुरुवारी साडेदहाला.

एकतीस वर्षांत माझ्या डेपोतली एक गाडी उशिरा सुटली नव्हती. आज दहा मिनिटं उशीर झाला.