कुंपणापलीकडचा गुच्छ

६ मे १९७४

कोर्टातल्या कारकुनाने चौथ्यांदा जन्माची वही उलटली आणि म्हणाला, "बाई, स्टॅम्परांच्या घरात पर्मिलिया नावाची मुलगी जन्मलीच नाही!" आता आईला कुठल्या तोंडाने सांगू?

पर्मिलिया म्हणजे आईची आजी. चर्चमागच्या दफनभूमीत तिच्या डोक्याशी नुसता ओबडधोबड धोंडा आहे, नाव नाही. आईने चौऱ्याऐंशीव्या वर्षी ध्यास घेतलाय — मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळं गोत थडग्यांवर फुलं वाहायला जमेल, तेव्हा तिथे नवा दगड हवा. त्यावर कोरायचं, "स्टॅम्परांची कन्या". स्टॅम्पर म्हणजे इथलं बडं घराणं. पुरावा काय, तर त्यांच्या घरातून आलेलं पर्मिलियाचं बायबल! त्यात आईबापांच्या नावांची जागा कोरीच आहे. पण बोलणार कोण?

९ मे

दिवसभर कागदी फुलं केली, मेणात बुडवली. बोटं भाजली. आई चुका काढायला शेजारीच. "या पाकळ्या आहेत की कोबीची पानं ग, डेल्फी?"

एक गुच्छ नेहमीसारखा वेगळा काढायला लावला. तो दफनभूमीच्या कुंपणापलीकडे गवतात टाकायचा. का, विचारलं तर "माझी आजी टाकायची म्हणून." दरवर्षी गाई चघळतात, दुसरं काय!

१४ मे

सापडली! कोर्टाच्या जुन्या करारांत. साल १८४४ — पर्मिलिया, वय सहा, निराधारांच्या गरीबखान्यातल्या नॅन्सी गिव्हेन्सची मुलगी, अठरा वर्षांची होईपर्यंत स्टॅम्परांकडे कामाला बांधून दिली. मुदत संपली की तिला द्यायचं: एक कालवड, दोन झगे, एक बायबल.

ते बायबल! ज्याच्या जोरावर आम्ही तीन पिढ्या तोरा मिरवला!

आईला वाचून दाखवलं. "म्हणजे त्यांच्याकडे राबायला ठेवलेली पोर," म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली. मला फार वाईट वाटलं. कशाला उकरत बसले मी?

१५ मे

आई आज फुलांकडे फिरकलीही नाही. दगड घडवणाऱ्याचा निरोप — "नाव कळवा, नाहीतर रविवार विसरा."

२० मे

निदान नॅन्सीचं काय झालं ते तरी कळावं, म्हणून परत गेले. ती १८५१ मध्ये गरीबखान्यातच वारली. तिथल्याच आवारात पुरली, बिनदगडाची. जुना नकाशा काढायला लावला. ते आवार आमच्या दफनभूमीला लागून! मध्ये फक्त कुंपण.

नकाशाची नक्कल आईपुढे ठेवली. तिने कुंपणाच्या रेघेवर बोट ठेवलं.

"आणि आम्ही पोरं आजीला हसायचो ग. म्हातारी गवताला फुलं वाहते म्हणून."

मग स्वतःच दगडवाल्याला फोन लावला. मला बाहेर जायला सांगितलं.

२६ मे, रविवार

दगड उभा राहिला. "पर्मिलिया, नॅन्सी गिव्हेन्सची लेक." गोतात थोडी कुजबुज झाली, मग सगळे जेवायला बसले. आईने यंदा गुच्छ टाकला नाही. मला कुंपणाची तार वर धरायला लावली आणि काठीसकट वाकून पलीकडे गेली. गवतात गुच्छ ठेवला. मी आपली तार धरून अलीकडेच.

"बघत काय राहिलीस, डेल्फी? ये ना. आपली माणसं इकडे आहेत."